टोक नव्हे, भोक बघा

परवाचा ११ नोव्हेंबर, पहिल्या महायुद्धाचा स्मृतिदिन, युरोपाने नेहमीसारखा पाळला. लाल पॉपी, दोन मिनिटांची शांतता, पुष्पचक्रं. फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत, त्यात पुन्हा शिरत नाही. या दिवसांत माझं लक्ष दुसऱ्याच बाजाराकडे असतं. पहिल्या महायुद्धाची आठवण निघाली की ऑनलाइन लिलावांत टोकदार जर्मन हेल्मेटांची रांग लागते आणि ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, ‘फोटो पाठवलाय, खरं आहे का सांग.’ यंदाचा फोन पुण्यातल्या एका मित्राचा होता. त्याने मुंबईत चोर बाजारातून, मटन स्ट्रीटवरून, एक हेल्मेट उचललं होतं. काळं कुळकुळीत, पितळी गरुड, वर भाल्यासारखं टोक. विकणाऱ्याने ‘हिटलर की फौज का’ म्हणून दिलेलं.

शंकेची पाल तिथेच चुकचुकायला हवी होती. हिटलरच्या सैनिकांच्या डोक्यावर पोलादी हेल्मेट होतं. टोकवालं हेल्मेट त्याच्या कितीतरी आधीचं. प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने ते १८४२ मध्ये आपल्या पायदळाला चढवलं. रशियाच्या झारच्या मेजावर नमुना पाहिला आणि झारच्या आधी आपणच वापरात आणला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, रशियन सैन्याला तसलं हेल्मेट १८४४ मध्ये मिळालं हे खरं. त्याच वर्षी जर्मन कवी हाइनेने आपल्या दीर्घकाव्यात या टोकाची यथेच्छ टिंगल केली. वादळात आकाशातली वीज नेमकी तुमच्या डोक्यावर उतरेल, असा त्याचा सूर. बव्हेरियाने मात्र आपलं जुनं तुऱ्याचं शिरस्त्राण १८८६ पर्यंत सोडलं नाही. लोक या हेल्मेटाला ‘पिकेलहाउब’ म्हणतात. सरकारी कागदांत त्याचं नाव साधं होतं, ‘टोकाचं हेल्मेट’.

मित्राकडे आधीचं एक अस्सल हेल्मेट होतं, म्युनिकला नोकरीत असताना घेतलेलं. म्हटलं, दोन्ही घे आणि माझ्याबरोबर कोल्हापूरला चल.

कोल्हापूर अशासाठी की हे हेल्मेट मुळात चामड्याचं काम आहे. पितळ नंतर येतं. झाडाच्या सालीने कमावलेलं गाईचं कातडं गरम पाण्यात मऊ करून साच्यावर ओढायचं, वाळून लाकडासारखं कडक झालं की काळ्या लाखेचे हात द्यायचे, पुढचा-मागचा छज्जा वेगळा कापून शिवायचा. आपल्याकडे हिरडा आणि बाभळीची साल वापरतात, तिकडे ओक वापरत. पण जात एकच. आणि या जातीचं कातडं ज्यांच्या बोटांना कळतं अशी माणसं अजून कोल्हापुरात आहेत. संग्राहकांची जाडजूड इंग्रजी-जर्मन पुस्तकं मी चाळली आहेत. त्यातल्या बऱ्याच पानांपेक्षा चप्पल बांधणाऱ्या एका तात्यांनी अर्ध्या तासात जास्त शिकवलं.

तात्यांनी गरुडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चोर बाजारातलं हेल्मेट उलटं केलं आणि मला विचारलं, “ह्येची कड कुठं दिसतीया?” आतलं अस्तर उचकटल्यावर कापलेली कड दिसली. “बघा, निळसर मारतंय न्हवं? क्रोमचं हाय. ह्ये उकळा न्हाईतर भाजा, लुळं ते लुळंच.”

मग हे ताठ कसं उभं आहे? तात्यांनी आरीच्या टोकाने आतून खरवडलं. पांढरे काचेचे तंतू निघाले. फायबरच्या वाडग्यावर पातळ कातडं चिकटवून वर तेलरंग मारलेला. छज्ज्याचा दोरा त्यांनी काडीने पेटवला, तो वितळून मणी झाला. “नायलॉन. तुमचा कैसर नायलॉन वापरायचा व्हय?”

मित्राचा चेहरा पाहवत नव्हता. मग त्यांनी दुसरं हेल्मेट हातात घेतलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. लाखेला बारीक जाळीदार तडे गेलेले. कड आरपार तपकिरी. आतल्या चामडी पाकळ्यांवर घामाचा डाग. मागच्या छज्ज्याच्या आत पुसट ठसा, त्यातलं मापाचं ५६ तेवढं वाचता येत होतं. “ह्ये कातडं मेल्यालं न्हाई अजून,” तात्या म्हणाले. एवढंच प्रमाणपत्र.

कातडं अस्सल निघालं म्हणून हेल्मेट अस्सल, असं मात्र होत नाही. इथे तात्यांच्या पुढे जावं लागतं. नवशिका फसतो तो पूर्ण नकली मालाने. जाणता फसतो तो जोडकामाने, म्हणजे जुन्या कवचावर दुसऱ्याच चिन्हाने. जर्मन साम्राज्यात राज्याराज्याचं चिन्ह वेगळं होतं: प्रशियाचा गरुड, बव्हेरियाचे सिंह, सॅक्सनीचा तारा, बाडेनचा ग्रिफिन. प्रशियाच्या साध्या गरुडाचे तुकडे चिकार सापडतात, म्हणून भाव कमी. छोट्या राज्याचं चिन्ह दुर्मीळ. ब्राउनश्वाइगच्या ९२व्या रेजिमेंटच्या कवटीच्या चिन्हावर तर लोक जीव टाकतात. साहजिकच कुणीतरी गरुड उपटतो आणि कवटी बसवतो.

त्याला पकडून देतात ती भोकं. चिन्हाच्या मागे दोन कड्या असतात. त्या कवचातून आत ओवून चामड्याच्या पाचरीने अडकवत. अधिकाऱ्यांच्या चिन्हाला बहुधा स्क्रू आणि नट. दोन चिन्हांच्या कड्यांमधलं अंतर सहसा जुळत नाही, त्यामुळे बदल केला की नवी भोकं पाडावी लागतात आणि जुनी चिन्हाखाली लपतात. पण आतून ती लपत नाहीत. म्हणून विकणाऱ्याकडे समोरून काढलेले दहा फोटो मागू नका. अस्तर बाजूला करून आतून काढलेला एक मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचं उत्तर मिळालं असं समजा.

दुसरी खूण माझ्या विशेष आवडीची, ‘बाहेर साहेब, आत शिपाई’. अधिकाऱ्याच्या हेल्मेटात टोकाच्या बैठकीवर ताऱ्याच्या आकाराच्या खुंट्या, आत घामपट्टी आणि रेशमी अस्तर. शिपायाच्या हेल्मेटात घुमटासारख्या गोल खुंट्या आणि आत चामड्याच्या पाकळ्या. तारे दिसायला देखणे, म्हणून नकली माल करणारे सरसकट तारे ठोकतात आणि आत मात्र पाकळ्या ठेवतात. याच्या उलट, शिपायाचं हेल्मेट आतून झोकात असेल तर लगेच नाक मुरडू नका. सुखवस्तू घरातले एक वर्षाचे स्वयंसेवक स्वतःच्या पैशाने चांगलं हेल्मेट शिवून घेत.

बाजूच्या रंगीत गोल चकत्यांकडेही (कॉकेड) बघावं. १८९७ पासून उजवीकडे साम्राज्याची काळी-पांढरी-लाल, डावीकडे राज्याची, बव्हेरियाची पांढरी-निळी-पांढरी. दोनांऐवजी एकच असेल तर एक तर माल जुना आहे किंवा घोटाळा आहे. आणि टोकाच्या जागी गोळा दिसला तर हेल्मेट बहुधा तोफखान्याचं. टोक हरवलेलं नव्हे.

युद्ध सुरू झालं तेव्हा चामडं दक्षिण अमेरिकेतून यायचं. ब्रिटिश नाकेबंदीने ते आटलं आणि हेल्मेटं नमदा, पत्रा, बूच, मिळेल त्यातून बनू लागली. १९१५ च्या नमुन्यात पितळ जाऊन करडा धातू आला आणि टोक काढता येऊ लागलं, कारण खंदकातून तेच आधी वर दिसायचं. १९१६ मध्ये हॅनोवरच्या फ्रीडरिश श्वेर्डने घडवलेलं पोलादी हेल्मेट फ्रान्समधल्या वेर्दंच्या आघाडीवर पोहोचलं आणि टोकाची कहाणी संपली. करडं, मळकट, पत्र्याचं हेल्मेट बघून नवखा नाक मुरडतो आणि चकचकीत पितळेवर पैसे घालवतो. मला विचाराल तर ते नमद्याचं हेल्मेटच जास्त बोलतं. एक साम्राज्य किती लवकर फाटकं झालं, ते त्यावर दिसतं.

नवंकोरं म्हणजे खोटंच, असंही नाही. युद्ध संपल्यावर अमेरिकेने कर्जरोख्यांच्या प्रचारासाठी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनबाहेर सुमारे १२ हजार जर्मन हेल्मेटांचा मनोरा रचला होता. त्या काळात अमेरिकेत गेलेली कित्येक हेल्मेटं जर्मन कोठारांतली, डोक्यावर कधीही न चढलेली होती.

आता थोडं घरचं. जगभरच्या संग्राहकांत नकली मालाची एक ठरलेली शिवी आहे, ‘भारतीय बनावटीचं’. डेहराडून आणि आसपासच्या पट्ट्यात जुन्या लष्करी वस्तूंच्या प्रतिकृती घडतात आणि निर्यात होतात. त्यात गैर काही नाही. नाटक-सिनेमाला त्या लागतात आणि प्रतिकृती म्हणून विकल्या तर कुणाची फसवणूक होत नाही. गडबड पुढच्या हातात होते, कुणी चहाच्या पाण्याने अस्तर डागाळतो, कुणी रबरी ठशाने १९१४ छापतो. मित्राचं हेल्मेट याच कुळातलं असावं, असा माझा अंदाज.

अस्सल तुकडा घ्यायचाच असेल तर एक कायदा माहीत असू द्या. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षं ओलांडलेली, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ही सगळी हेल्मेटं आता शंभरीपार आहेत. ‘आवडलं नाही तर परत पाठवू’ या भरवशावर राहू नका.

आणि कुणाच्या माळ्यावर, फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या पणजोबांच्या पेटीत असलं काही निघालं, तर कृपा करून त्याला चिंच किंवा पितांबरी लावू नका. कोरड्या सुती फडक्याने धूळ झटका, जागच्या जागी चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढा, आणि मग जाणत्याला विचारा.