यंत्र टेप बदलतं, एवढंच

शुक्रवारी रात्री बॅकअप लावून घरी जावं, आणि सोमवारी येऊन पाहावं तर पडद्यावर ‘पुढची टेप घाला’ हा निरोप दोन दिवस ताटकळत उभा. टेप चेंजर आला तो यावर उपाय म्हणून. लहान चेंजरमध्ये, म्हणजे ऑटोलोडरमध्ये, एक ड्राइव्ह, आठ-नऊ स्लॉट आणि कार्ट्रिजची ने-आण करणारा यांत्रिक हात असतो. लोकांच्या मनात मात्र त्याच्याबद्दल आणि एकूण टेपबद्दल भलतेच समज असतात.

‘टेप कसली वापरता, जुनाट!’ हे ऐकून कान किटले. २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ या टेप-प्रकाराच्या तळहाताएवढ्या कार्ट्रिजमध्ये किलोमीटरभर फीत असते आणि तीत १८ टेराबाइट मावतात. २०११ च्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअरमधल्या चुकीने जीमेलच्या काही खातेदारांच्या मेल गायब झाल्या, तेव्हा गूगलने त्या मेल टेपवरूनच परत आणल्या. खोक्यावर छापलेल्या ४५ टेराबाइटवर मात्र जाऊ नका. डेटा अडीचपट आवळला जाईल असं गृहीत धरून काढलेला तो आकडा आहे. फोटो-व्हिडिओ आधीच आवळलेले असतात, ते आणखी फारसे आवळत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘टेप ऑफलाइन असते, रॅन्समवेअर तिला काय करणार?’ कपाटातल्या टेपबाबत हे खरं. चेंजरमधली टेप ऑफलाइन नसते. लिनक्स सर्व्हरवर रूटचे अधिकार मिळाले की चेंजरला हुकूम देणाऱ्या ‘एमटीएक्स’ या प्रोग्रॅमची एक ओळ पुरते: तिसऱ्या स्लॉटमधली कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये जाऊन बसते. हुकूम कोणाचा, हे यांत्रिक हात विचारत नाही. मग फितीच्या सुरुवातीला चार ओळी लिहिल्या, की पुढचा डेटा गेल्यातच जमा. म्हणून भरलेली कार्ट्रिज बाहेर काढायची, तिची राइट-प्रोटेक्टची खिट्टी सरकवायची आणि ती दुसऱ्या इमारतीत न्यायची. हे हातानेच करावं लागतं.

‘टेप फार हळू चालते’ हेही उलटंच. एलटीओ-९ चा ड्राइव्ह सेकंदाला ३०० ते ४०० मेगाबाइट मागतो. गिगाबिट नेटवर्क फार तर १२५ देतं. डेटा संपला की फीत थांबते, मागे येते, पुन्हा पळते, आणि त्यात झिजते. आधी डिस्कवर साठवून मग एका दमात टेपवर उतरवावं.

आणि चेंजर वाचतो तो फक्त बारकोड. कोणत्या टेपवर काय आहे, हे बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगला ठाऊक. तो कॅटलॉग त्याच सर्व्हरवर असला आणि सर्व्हरच बसला, तर प्रत्येक टेप पहिल्यापासून वाचत बसा.