कोपी, तंबू आणि शिबिराची तारीख

"शिबिराला जायचं म्हणजे तंबूत राहायचं ना? मग त्यात विशेष ते काय?"

हा प्रश्न मला माझ्या आईने विचारला, तेव्हा मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि एका शाळेच्या स्काऊट पथकाला मदतनीस म्हणून नुकताच जाऊ लागलो होतो. मला उत्तर देता आले नाही. माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळा संसार ट्रॅक्टरवर बांधून ते पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे जातात आणि पाडव्याच्या आगेमागे बालाघाटातल्या आमच्या गावी परततात. मधले पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे कोपी : बांबू, चटया आणि वर ताडपत्री. पाचवीत जाईपर्यंत मीही त्यांच्याबरोबर त्या कोपीत वाढलो. पुढे आजीजवळ राहून शिकलो आणि आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढणारा पहिला झालो. अशा घरातल्या बाईला तंबूत राहण्याची मौज कोणत्या शब्दांत समजावून सांगावी?

मित्रहो, गेल्या दोन वर्षांत चार मुक्कामी शिबिरांत मी काम केले. त्यांतली दोन कुटुंब-शिबिरे होती. स्काऊट म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पंधरा ऑगस्टचे संचलन आणि गळ्यातला स्कार्फ एवढेच उभे राहते. माझेही तसेच होते. म्हणून ही चळवळ कशी चालते, शिबिर कसे उभे राहते आणि आईच्या प्रश्नाने मला काय शिकवले, हे थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमधील ब्राऊनसी नावाच्या बेटावर बेडन-पॉवेल या निवृत्तीच्या वाटेवरील लष्करी अधिकाऱ्याने सुमारे वीस मुलांचे एक शिबिर घेतले. काही मुले श्रीमंतांच्या निवासी शाळांतली होती, तर काही आसपासच्या गावांतल्या कामगार घरांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन्ही मुले एका पंगतीला बसणे सोपे नव्हते. बेडन-पॉवेल यांनी त्यांची सरमिसळ करून चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाला मुलांमधलाच एक नायक दिला. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि चळवळ जगभर पसरली.

आपल्या देशात १९०९ साली बंगळूरला पहिले पथक निघाले खरे, पण ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांचे होते. भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. तेव्हा १९१६ साली डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीची स्काऊट संघटना उभारली. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था जन्मली. गाईड्स त्यात १५ ऑगस्ट १९५१ रोजी सामील झाल्या. लहानग्यांसाठी कब आणि बुलबुल, मोठ्या मुलामुलींसाठी स्काऊट आणि गाईड, आणि आपल्या वयाच्या तरुणांसाठी रोव्हर व रेंजर, अशा तिच्या शाखा आहेत. हा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या मनात राहिली. चळवळ चांगली असली, तरी दारात कोण उभे राहिले आहे हे कोणीतरी मुद्दाम पाहावे लागते.

आता पथकाची रचना पाहू. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, आणि असे तीन-चार संघ मिळून पथक. कामे सांगायची ती संघनायकाला, आणि त्याने ती संघाकडून करून घ्यायची. हे प्रथम ऐकले तेव्हा मला आमच्या टोळीचा मुकादम आठवला. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम उचल देतो, कोयते मोजतो आणि काम करून घेतो. परंतु दोहोंत मोठे अंतर आहे. संघनायक स्वतः पाणी भरतो, भांडी घासतो आणि सगळ्यांच्या शेवटी जेवतो. आमच्या पथकात सरांनी हा नियमच केला आहे. सातवीतला एक मुलगा नायक होताच ताट घेऊन पहिला येऊन बसला, तेव्हा सर त्याला रागावले नाहीत. त्यांनी वाढायची पळी त्याच्या हातात दिली, एवढेच.

शिबिराची तयारी घरातल्या लग्नासारखी आधीपासून करावी लागते. जागा प्रथम दिवसा पाहून यायची. तंबू ओढ्याच्या पात्रात नको, वाळक्या फांदीखाली नको आणि अगदी उताराच्या तळाशीही नको. तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला हवे. भोवती वीतभर खोल चर खणला, की अवकाळी पाऊस आला तरी पाणी आत शिरत नाही. पिण्याचे पाणी आणि वापरायचे पाणी वेगळे ठेवायचे. शौचाचे चर पाण्यापासून आणि चुलीपासून दूर खणायचे आणि प्रत्येकाने वर माती लोटायची. चाळीस माणसांच्या खिचडीला चार किलो तांदूळ आणि दोन किलो मुगाची डाळ लागते, हे आता मला तोंडपाठ झाले आहे. पालकांचे संमतिपत्र, प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या दवाखान्याचा रस्ता, आणि दर दोन तासांनी मुलांची मोजणी, यांत हयगय चालत नाही. विहिरीत किंवा तळ्यात पोहण्याची परवानगी आम्ही देत नाही. मुली असतील तेथे शिक्षिका असतेच, आणि कोणत्याही मदतनिसाने एकट्या मुलाला घेऊन बाजूला जायचे नाही, दोन मोठी माणसे हवीत. हा नियम मला सुरुवातीला अपमानासारखा वाटला होता. आता वाटते, मुलांचे आणि आपलेही रक्षण त्यातच आहे.

माझी पहिली चूक मात्र तयारीतली नव्हती. पहिल्याच शिबिरात सहावीतल्या एका मुलाला खुंटीला दोरी बांधता येईना. अंधार पडत आला होता. मी पुढे होऊन त्याच्या संघाच्या सगळ्या दोऱ्या झटपट बांधून दिल्या आणि मनात खूश झालो. रात्री दोनच्या सुमारास वारा सुटला, एक दोरी सैल झाली आणि तंबू एका बाजूने बसला. आत सात मुले होती, पण एकालाही ती गाठ येत नव्हती. ती मला उठवायला आली. सकाळी सर म्हणाले, "काल तू त्यांचा अभ्यास करून दिलास. परीक्षा मात्र त्यांना द्यावी लागली." तेव्हापासून मुलाची गाठ सुटत असली तरी मी हात मागे बांधून उभा राहतो. स्वयंसेवकाचे निम्मे काम हात आवरण्याचे आहे, हे त्या रात्री कळले.

आता कुटुंब-शिबिराविषयी. मूल शिबिरात काय करते हे आईबापांनी पाहावे, आणि दोघांनी एक रात्र घराबाहेर एकत्र काढावी, असा त्यामागचा विचार. पहिले कुटुंब-शिबिर आम्ही जानेवारीत घेतले. हवा थंड, पावसाची भीती नाही, ओढ्याला पाणी, शाळेच्या परीक्षा लांब. तारीख सर्वांना पसंत पडली. त्या बैठकीला मी हजर होतो आणि मीही मान हलवली.

पथकात बत्तीस मुले. त्यांपैकी एकोणीस जणांच्या घरची माणसे आली. उरलेल्या तेरा जणांचे कोणीच आले नाही, कारण त्यांचे आईबाप फडावर होते. शेकोटीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने पुढे येऊन एक गाणे किंवा गोष्ट सांगायची होती. ती तेरा मुले हळूहळू मागे सरकत एका ठिकाणी गोळा झाली. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांतल्या एकाने विचारले, "दादा, तुझं कोण आलंय?"

मी म्हणालो, "माझे पण फडावर आहेत."

शाळेतल्या माणसांच्या देखत हे वाक्य मी आयुष्यात प्रथम उच्चारले. कॉलेजात कोणी विचारले तर 'वडील शेती करतात' असे सांगायची माझी सवय होती. शेकोटी विझल्यावर मी सरांना सर्व सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तारीख ठरत होती तेव्हा तू तिथं होतास. का बोलला नाहीस?" याचे खरे उत्तर मला ठाऊक होते. बोललो असतो तर माझ्या घराविषयी सांगावे लागले असते. जी गोष्ट सरांना ठाऊक नव्हती ती मला जन्मापासून ठाऊक होती, आणि माझ्या लाजेपायी तेरा मुले शेकोटीच्या मागे बसली.

पुढच्या वर्षी आम्ही तारीख बदलून पाडव्यानंतर, टोळ्या परतल्यावरची धरली. त्याबरोबर अडचणीही आल्या. एप्रिलातले मराठवाड्याचे ऊन आणि आटलेला ओढा! म्हणून शिबिर संध्याकाळी पाच ते सकाळी आठ एवढेच ठेवले. तंबू दोनच उभारले, बाकी सगळे आकाशाखाली. प्रत्येक घराने एक घागर पाणी आणि आपापली भाकरी आणायची, पिठले तेवढे तिथे करायचे. गणवेशाची सक्ती काढून टाकली. कुटुंबे आपापली वेगळी न बसवता संघांत मिसळून बसवली, म्हणजे ज्याचे कोणी येणार नाही तोही कुठल्यातरी घरात धरला जाईल. आणि मोठ्यांनाही तोच जुना नियम लावला : मुलांचे काम करून द्यायचे नाही, विचारले तरच सांगायचे.

या वेळी माझे आईवडील आले. वडील प्रथम संकोचाने कडेला उभे होते. मुले तंबू उभारताना बांबू बांधत होती, तो पुन:पुन्हा घसरत होता. एका मुलाने त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी गाठीला एक वेढा जास्त देऊन दाखवला आणि पुन्हा सोडून त्याच्या हातात दिला. मी त्यांना नियम सांगितला नव्हता. मग सरांनीच विनंती केली आणि वडिलांनी व आणखी दोघा बापांनी मिळून मुलांना कोपी कशी उभी करतात ते दाखवले. बांबू किती पुरायचा, ताडपत्री कोणत्या बाजूने ओढायची, चर कुठे वळवायचा. आमच्या प्रशिक्षणात जे धडे होते तेच हे धडे होते. फरक असा, की आम्ही ते हौसेने शिकतो आणि त्यांनी ते पोटासाठी शिकले. या फरकावर पांघरूण घालू नये असे मला वाटते. कोपीतले दिवस गोड नव्हते, आणि शिबिराने ते गोड होत नाहीत. पण ज्या मुलांनी आपल्या बापाला नेहमी कोणाचे तरी ऐकतानाच पाहिले होते, त्यांनी त्या संध्याकाळी सर आणि संघनायक आपल्या बापाचे ऐकत उभे असलेले पाहिले.

सकाळी सहाला मी उठलो तेव्हा आई चटईवर नुसती बसून होती. सूर्य वर येत होता. मी चहा नेऊन दिला आणि तिचाच जुना प्रश्न तिला विचारला, "माय, मग यात विशेष काय?"

ती म्हणाली, "उठून कुठं जायचं नव्हतं, हेच."

वाचकहो, मी काही अनुभवी शिबिरप्रमुख नाही. परंतु आपल्यापैकी कोणी असे काम हाती घेणार असेल, मग ते स्काऊटचे असो, राष्ट्रीय सेवा योजनेचे असो की सहलीचे, तर एकच सुचवावेसे वाटते. तारीख ठरवण्याआधी, त्या तारखेला कोण येऊ शकणार नाही हे विचारा. आणि ते ज्याला ठाऊक असेल त्याने माझ्यासारखे गप्प बसू नये. यंदाचे कुटुंब-शिबिरही पाडव्यानंतरच आहे. घागरी उचलायला आणि हात मागे बांधून उभे राहायला माणसे हवी आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला ग्रंथालयात भेटावे.