स्वसंरक्षणासाठी शस्त्र : प्रश्न केवळ बोअरचा नाही

रायपूरमधील पुरानी बस्ती हा शहराचा जुना भाग. महामाया मंदिराच्या परिसरातील गल्ल्या अरुंद असून घराला घर लागून आहे. अशा वस्तीतील एखाद्या व्यापाऱ्याला स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना मिळाला, तर कोणत्या बोअरचे शस्त्र घ्यावे, हा प्रश्न त्याला प्रथम पडतो. त्याचे बरेचसे उत्तर कायद्यानेच दिलेले आहे.

शस्त्र नियम, २०१६ नुसार सैन्याच्या ९ मि.मी. काडतुसावर तसेच ०.३८० आणि ०.४५५ बोअरच्या काडतुसांवर चालणारी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतात. त्यांचा परवाना केवळ केंद्रीय गृह मंत्रालय देते. सामान्य नागरिकाच्या वाट्याला मुख्यत्वे ०.३२ बोअर येते. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये बाजारात आणलेले, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही याच बोअरचे आहे.

मात्र ०.३२ या एकाच नावाखाली दोन निरनिराळी काडतुसे मिळतात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि बुडाशी ठळक कडा असलेले, तर पिस्तुलाचे आखूड असते. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. रिव्हॉल्व्हरच्या गोळीची ऊर्जा साधारण दीडशे ज्यूल, तर ९ मि.मी. गोळीची पाचशेच्या आसपास असते. त्यामुळे ०.३२ ला दुबळे म्हटले जाते. तुलना खरी आहे. पण जी गोळी परवान्यावर मिळणारच नाही, तिच्याशी ती करून ग्राहकाला फारसा उपयोग नाही.

खरी निवड उरते ती रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, एवढीच. काडतूस फुटले नाही तर रिव्हॉल्व्हरचा घोडा पुन्हा दाबताच पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलाची स्लाइड हाताने ओढावी लागते. क्वचितच सराव करणाऱ्यास रिव्हॉल्व्हर अधिक सोयीचे. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे असतात. काडतुसे कोणतीही असोत, अनेक पावसाळे दमट कपाटात पडलेल्या काडतुसांवर विसंबू नये. ती सरावात संपवून नवी घ्यावीत.

आता भिंतींविषयी. दुबळी म्हटली जाणारी ही गोळी पातळ लाकडी दार किंवा पत्रा भेदू शकते आणि पक्क्या विटेवरून उसळू शकते. पलीकडे शेजाऱ्याचे स्वयंपाकघर असेल तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही. जिवावरच्या हल्ल्यात निरपराध व्यक्तीला धोका पत्करल्यावाचून बचाव शक्यच नसेल, तर कलम ४४ तो धोका पत्करण्याची मुभा देते. दुकान फोडून पळणाऱ्या चोरावर गल्लीत गोळी झाडणाऱ्यास या कलमाचा आधार मिळत नाही.