ठिणगी उडते, गाव जळते



अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी ट्रॉय नावाचे शहर आहे. १० मे १८६२ रोजी तेथे सोसाट्याचा वारा सुटला होता. नदीवरचा रेल्वेपूल लाकडी असून त्याला छप्परही होते. इंजिनातून उडालेल्या ठिणगीने पूल पेटला आणि वाऱ्याने त्याचे जळते तुकडे शहरावर नेऊन टाकले. काही तासांत पाचशेहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. १८२४ साली स्थापन झालेल्या रेन्सेलर या नामांकित अभियांत्रिकी संस्थेची इमारतही त्यांत गेली. जेथे पूल बांधण्याची विद्या शिकवीत, ती शाळाच एका पुलाच्या आगीने जळाली!

रानातला वणवाही असाच पसरतो. त्याचे गणित मांडणारे रिचर्ड रॉदरमेल हे मूळचे विमानशास्त्राचे अभियंते. मोंटाना राज्यातील मिझूला येथील प्रयोगशाळेत वाऱ्याच्या बोगद्यात आगी पेटवून केलेल्या प्रयोगांच्या आधारे त्यांनी १९७२ साली आपले सूत्र प्रसिद्ध केले. सरपण किती व कसे, त्यात ओलावा किती, वारा केवढा आणि चढ किती, यांवरून आग किती वेगाने पुढे सरकेल हे त्यातून काढता येते.

चढाचे महत्त्व मी वर्गात आगकाडीने समजावतो. पेटती काडी उभी धरली तर ज्योत सावकाश खाली येते; तोंड खाली केले की झरझर वर चढून बोटाला चटका देते. वरचा भाग आधीच तापतो म्हणून असे होते. डोंगरावरची आग चढाकडे धावते, तीही याच कारणाने.

पण घरे जळतात ती पुष्कळदा ठिणग्यांनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ठिणग्यांचा वर्षाव करणारे 'ड्रॅगन' नावाचे यंत्र बनवले. त्यात दिसले की झरोक्याच्या जाळीवर अडकलेला निखारा विझत नाही. तो जळत जळत बारीक होतो आणि भोकातून आत शिरतो!

लहानपणी आमच्या मॉरिशसच्या गावी उसाचे रान पेटले, की आजी वाळत घातलेले कपडे आत घेई व अंगणात पाण्याच्या बादल्या भरून ठेवी. "आग चालत नाही रे, उडते," असे ती म्हणे. तिने प्रयोगशाळा पाहिली नव्हती. पण सांगितले ते खरे होते.

म्हणून वाचकहो, कोरडा ऋतू आला की पन्हळीतला पाला काढा, भिंतीलगतचे वाळलेले गवत कापा, पाचट व गोणपाट घरापासून दूर ठेवा, झरोक्यांना अगदी बारीक धातूची जाळी लावा. शेजाऱ्यालाही सांगा, कारण त्याच्या घरची ठिणगी आपल्या घरी यायला परवानगी मागत नाही.