तांब्यावरची समृद्धी

सोन्याच्या नाण्यावर राजा मिरवतो. तांब्याचे नाणे भाजीबाजारात फिरते. म्हणून राज्याचे खरे वर्तमान तांब्याला विचारावे, असे मला वाटते.

दक्षिण इटलीत समुद्रकाठी सालेर्नो हे शहर आहे. जर्मन कुळातले लोम्बार्ड लोक इ. स. ५६८ मध्ये इटलीत उतरले. उत्तरेतले त्यांचे राज्य ७७४ मध्ये शार्लमेनने घेतले. दक्षिणेतली संस्थाने मात्र टिकली. सालेर्नो त्यांतलेच.

तिथले सोन्याचे नाणे 'तारी'. ती अरबी नाण्याची नक्कल. बालपणी मी अरबी अक्षरे गिरवली होती. पण या नाण्यांची छायाचित्रे पाहिली तेव्हा वळणे ओळखीची वाटली, शब्द मात्र लागेना. ठसा कोरणाऱ्यालाही तो वाचता येत नसावा. व्यापाऱ्यांचे काही अडले नाही.

तांब्याचे नाणे 'फोल्लारो'. हे नाव बायझंटाइन 'फोलिस'वरून आले. एका फोल्लारोवर शहराचा तट दिसतो आणि लॅटिन अक्षरांत लिहिले आहे, 'समृद्ध सालेर्नो'. अनेक नाणेतज्ज्ञ ते शेवटचा लोम्बार्ड अधिपती दुसरा गिसुल्फ (१०५२-१०७७) याच्या काळातले मानतात.

१०७६ मध्ये याच समृद्ध शहराला वेढा पडला. वेढा घालणारा नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार्ड हा गिसुल्फचा मेव्हणा, बहीण सिकेलगाइता हिचा नवरा! अमातुस नावाचा भिक्षू लिहितो, की गिसुल्फने नागरिकांचे धान्य काढून घेतले आणि पुढे तेच चढ्या भावाने विकले. माणसांनी कुत्री-घोडी खाल्ली. अमातुस गिसुल्फचा वैरी होता, त्यामुळे त्याच्या सांगण्यातले तिखटमीठ वेगळे काढावे. तरी उपासमार उरतेच. डिसेंबरात शहर पडले. किल्ला १०७७ पर्यंत झुंजला.

आता गिस्कार्डची नाणी पाहा. नवी चकती पाडण्याचा खर्च आणि वेळ वाचवायचा, तर जुनेच नाणे दोन ठशांमध्ये धरून वर हातोडा हाणायचा. सालेर्नोत ही रीत पूर्वीपासून होती. घाव नीट बसला नाही, तर नव्या नावाखालून जुनी अक्षरे डोकावतात. कोणते नाणे आधीचे, कोणते नंतरचे, हे अभ्यासक त्यावरूनच ठरवतात.

गिसुल्फ पोपच्या आश्रयाला गेला. त्याच्या काळातले तांबे मात्र गावातच राहिले, नव्या धन्याचा ठसा अंगावर घेऊन. वेढ्यात उपाशी राहिलेल्या कुणी त्याच नाण्याने पुन्हा भाकरी घेतली असेल. 'समृद्ध' या शब्दाचा खरा भाव त्याला विचारायला हवा होता.