मालवणच्या पुळणी

मालवणला जाणारी बहुतेक कुटुंबं सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, तारकर्लीच्या पाण्यात डुंबतात, मासे जेवतात आणि परततात. दोन दिवसांत हे सगळं आरामात होतं. पण एक दिवस वाढवा आणि तो फक्त वाळूत चालायला ठेवा. इथल्या प्रत्येक पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, स्वभाव वेगळा आहे.

सुरुवात चिवल्यापासून करा. बाजारपेठेतून पायी जाता येतं. शक्यतो सकाळी लवकर जा, कारण नशिबात असेल तर रापण बघायला मिळते. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळात फिरून येते आणि मग किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगा दोन्ही टोकांचे दोर ओढू लागतात. जाळं जवळ येईल तसा आरडाओरडा वाढतो. वर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांना बातमी आधीच लागलेली असते. जाळ्यात तारली, बांगडे येतात, कधी नुसता कचराही येतो. मिळालेली मासळी ओढणाऱ्यांत वाटली जाते. मुलांना दोराला हात लावावासा वाटला तर आधी विचारा. बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत.

मात्र ही रापण आता पूर्वीसारखी रोज भरत नाही. खोल पाण्यात यांत्रिक पर्ससीन नौका थवेच्या थवे उचलतात, बंदी असूनही एलईडी दिव्यांच्या उजेडावर मासे गोळा केले जातात. किनाऱ्यापर्यंत उरतं ते थोडंच, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. चिवल्यावर तासभर उभं राहिलं की ती कळते.

गावाच्या दक्षिणेला तारकर्ली. पाणी नितळ, वाळू फिकट आणि सुट्टीत गर्दी भरपूर. स्कूबा डायव्हिंग करायचं असेल तर इथेच. मला स्वतःला तारकर्लीपेक्षा पुढचं देवबाग आवडतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर माडांच्या सावलीत अख्खं गाव वसलंय. पावसाळ्यातल्या उधाणात लाटा थेट घरांच्या मागीलदारी येतात. किनाऱ्यावरचे दगडी बंधारे म्हणूनच घातलेत. फोटोत ते नकोसे वाटतात, पण तिथे राहणाऱ्यांना विचारून बघा.

जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे पोहू नका. ओहोटीला नदीचं पाणी जोरात बाहेर खेचतं आणि वरून ते शांतच दिसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओढ आणखी वाढते. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर विसंबू नका.

उत्तरेला तोंडवळी-तळाशील. इथेही तशीच पट्टी, फक्त नदी गड. सुरूची झाडं, लांबच लांब वाळू, माणसं तुरळक. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वर येऊन वाळूत खड्डा करतात, शंभरेक अंडी घालतात आणि परत जातात. दीडेक महिन्याने पिल्लं बाहेर पडतात ती समुद्राच्या उजळ क्षितिजाकडे धावतात. किनाऱ्यावरचे प्रखर दिवे त्यांना उलट्या दिशेला नेतात. म्हणून रात्री मोबाइलचा टॉर्च बंद ठेवा. आणि जीप वाळूत घालून व्हिडिओ काढायची हौस तर इथे अजिबात नको. चाकाखाली काय पुरलंय ते दिसत नाही.

किल्ल्यासाठी अर्धा दिवस पुरे. 1664 ते 1667 या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधला. चहूबाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्या मुलांना जरूर दाखवा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ उत्तम.

कोकण रेल्वेने कुडाळला उतरलात की एसटी किंवा रिक्षा मिळते. मुक्काम रिसॉर्टऐवजी गावातल्या एखाद्या घरगुती खोलीत करा. सकाळी घावणे मिळतील, दुपारी ताज्या बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. निघताना बाजारातून गूळ-आल्याचं खाजं घ्या. जरा जास्तच घ्या, गाडीतच अर्धं संपतं.