लोह-फॉस्फेटची बॅटरी व डॉ. गुडइनफ यांचे संशोधन

फवारणीचे पंप व सौर दिवे यांत शिसे-आम्लाच्या बॅटरीबरोबरच आता लिथियमची बॅटरीही मिळते. तिच्यामागील संशोधनात डॉ. जॉन गुडइनफ (१९२२–२०२३) यांचा वाटा मोठा आहे. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांनी सहकाऱ्यांसह लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र सिद्ध केला. परंतु कोबाल्ट महाग. शिवाय हे संयुग फार तापल्यास त्यातून प्राणवायू सुटून आग भडकण्याचा संभव असतो. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात अक्षयकुमार पाढी प्रभृतींसह त्यांनी लिथियम-लोह-फॉस्फेट पुढे आणले. लोह स्वस्त व विपुल आहे. आणि फॉस्फेटमधील प्राणवायू स्फुरदाशी घट्ट बांधलेला असल्याने सहसा सुटत नाही. त्यायोगे आगीचे भय पुष्कळ कमी होते. लिथियम बॅटरीच्या विकासाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिटिंगहॅम व योशिनो यांच्यासमवेत त्यांना मिळाले.

भय कमी झाले तरी ते नाहीसे झालेले नाही. यास्तव शेतकरी बंधूंनी बॅटरी घेताना तिचा प्रकार विचारून घ्यावा, तिच्याच चार्जरने ती भारावी व फुगलेली बॅटरी वापरू नये. शिसे-आम्लाची बॅटरी हंगामानंतर उतरलेल्या स्थितीत ठेवू नये. पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसून ती निकामी होते.